थाप, ओढ, झाड

व्हर्नाच्या डाव्या हाताला तीन बोटं उरली होती आणि त्यांतलं एक वळत नव्हतं. जाळं ओढायच्या रहाटात हात सापडला त्याला दोन उन्हाळे झाले होते. त्या हाताने ती चहाचा कप उचली, होडीचं सुकाणू धरी, मासा चिरताना त्याची शेपटी फळीवर दाबून ठेवी. एकच गोष्ट जमत नव्हती. घरातल्या जुन्या बंदुकीत दुसरी गोळी चढवायची तर नळीखालची मूठ जोरात मागे खेचून पुढे ढकलावी लागे, आणि ती डाव्याच हाताने खेचायची असते.

याचा खरा अर्थ तिच्या नवऱ्याला, नेल्सला, कळला तो मागच्या हंगामाच्या शेवटी. त्या दिवशी तो खाडीत जाळ्यावर होता. इकडे किनाऱ्यावर मासे धुरावर सुकवायच्या धुरीघराच्या फळ्या तोडून अस्वल आत शिरलं. व्हर्ना बंदूक घेऊन केबिनच्या पायरीवर आली, तिने एक बार हवेत काढला आणि मग ती मूठ खेचत राहिली. मूठ अर्ध्यात अडकली. अस्वल बाहेर आलं, तोंडात मासे लटकवायची काठी तशीच, आणि तिच्याकडे बघत उभं राहिलं. मग त्याचं त्यालाच काय वाटलं कोण जाणे, वळून झाडोऱ्यात गेलं. नेल्स परतला तेव्हा व्हर्ना पायरीवरच बसली होती. बंदूक मांडीवर, मूठ अजून अर्ध्यात.

"ही जागा विकून टाकू," ती म्हणाली.

"एका अस्वलापायी?"

"अस्वलं मी जन्मापासून बघतेय. मला माझ्या हाताची भीती वाटते."

कोडियाक बेटाच्या पश्चिमेकडच्या त्या खाडीत रस्ता पोचत नाही. उन्हाळ्यात माणसं तिथे येतात ती सॅमनसाठी. एकाने होडी घेऊन जाळ्यावर जायचं, दुसऱ्याने किनाऱ्यावर मासे चिरायचे, त्यांना धुरी द्यायची. दोन माणसांशिवाय तिथलं काम होत नाही. म्हणजे दिवसाचा बहुतेक वेळ व्हर्ना एकटी, आणि तीही चिरलेल्या माशांच्या वासात. तो वास अस्वलाला डोंगरापलीकडून ओढून आणतो.

"हात बदलता येणार नाही," नेल्स म्हणाला. "बंदूक बदलू."

हिवाळ्यात दोघं गावात राहत. नेल्स बंदरावर बोटींची इंजिनं दुरुस्त करी. घरामागच्या शेडमध्ये त्याचं लेथ होतं, कानशी होत्या, आणि लोखंडाशी बोलत बसायची सवय होती. रायफलचा मधला भाग, ज्यावर सरकारी क्रमांक असतो, तो त्याने दुकानातून रीतसर आणला. बाकीचं टपालाने एकेक आलं: जाड भिंतीची आखूड नळी, स्प्रिंगा, दस्ता. काडतूस त्याने निवडलं ते अंगठ्याएवढं. मोठं अस्वल अंगावर येत असेल तर त्याहून लहान गोळी म्हणजे नुसता निरोप, असं तो म्हणे. एक बार झाला की त्याच्याच जोराने यंत्रणा मागे जाणार, रिकामी पुंगळी बाहेर फेकणार आणि पुढचं काडतूस आपण होऊन आत घेणार. व्हर्नाने फक्त चाप ओढत राहायचं.

पण कोणतीही बंदूक कधीतरी अडते, आणि मग यंत्रणा हाताने ओढावी लागते. त्यासाठीचा खटका नेल्सने डाव्या अंगाला आणला आणि इतका रुंद केला की बोटं नसली तरी तळव्याच्या कडेने ओढता यावा. त्याच्या मागे एक दट्ट्या बसवला. यंत्रणा काडतुसामागे पूर्ण मिटली नाही, तर त्यावर तळवा मारायचा की ती मिटते. हे सगळं जमावं म्हणून त्याने तिच्या तळव्याचं माप चारचार वेळा घेतलं.

"अंगठीचं माप घेताना इतका वेळ घालवला नव्हतास," व्हर्ना म्हणाली.

"अंगठीत स्प्रिंग नव्हती."

बंदरावर पोरं विचारत, "नेल्स, ही रायफल बायकोसाठी की बायकोपासून वाचायला?" तो हसे आणि हातातला नट फिरवत राही.

रायफल तयार होताच त्याने तिला शिकवायला घेतलं. स्वयंपाकघरात, खोट्या काडतुसांवर. चाप ओढला आणि बार झाला नाही की मॅगझिनच्या, म्हणजे खालच्या काडतुसांच्या पेटीच्या, बुडावर थाप, खटका ओढ, परत गोळी झाड. थाप, ओढ, झाड. यंत्रणा मिटली नाही तर दट्ट्यावर तळवा, आणि झाड. ती बटाटे सोलत असताना तो रायफल तिच्या हातात देई. ती टेलिफोनवर बहिणीशी बोलत असताना देई. सुरुवातीला ती थांबायची, रायफलकडे बघायची.

"बघतेस काय?"

"कुठे अडलंय ते."

"ते मी नंतर बघेन. तू हाताला विचार करू द्यायचा नाही. समोरचं अस्वल विचार करत नाही."

हिवाळा सरेपर्यंत ते तिन्ही शब्द एका श्वासात होऊ लागले. तिचे डोळे समोरच्या भिंतीवरून हलत नसत आणि हात खाली आपलं काम करून मोकळा होई. नेल्सला ते बघताना फार बरं वाटे. हिवाळाभर त्याला एवढंच हवं होतं.

हंगाम सुरू व्हायच्या आधीच दोघं खाडीत आली. ओढ्यापलीकडे जखार नावाचा म्हातारा बारा महिने राहत असे. त्याचे वाडवडील रशियन येण्याच्याही आधीपासून त्या किनाऱ्यावरचे. सगळी खाडी त्याला आपा म्हणे, म्हणजे आजोबा. आपा अस्वलाचं नाव कधी तोंडाने घेत नसत. "तो" म्हणत, तो ऐकतो आणि मनात ठेवतो, अशी त्यांची समजूत. ते चहाला आले. व्हर्नाने पिठाच्या पारीत सॅमन आणि भात भरून पेरोक भाजला होता. खाता खाता आपांनी रायफल मांडीवर घेतली, उलटसुलट करून पाहिली.

"किती भाग आहेत रे हिच्यात?"

"मोजले नाहीत, आपा."

"म्हणजे पुष्कळ. प्रत्येक भागाला रुसायचा हक्क असतो."

"आणि तुमची बंदूक कधी रुसत नाही?" व्हर्नाने विचारलं.

"रुसते की. पण म्हातारी आहे, रुसली तरी सवयीने काम करते. माझ्या बायकोसारखी."

"आजींना सांगते हं."

"सांग. ती वर गेल्याला नऊ वर्षं झाली, तरी ऐकेल. कान तिखट होते तिचे."

ते काडतूस गावात सहसा मिळत नसे, आणि मिळे त्यातली गोळी नेल्सला हलकी वाटे. म्हणून काडतुसं तो स्वतः भरी. केबिनच्या मागे एक खोपटं होतं, तिथल्या टेबलावर त्याने आपलं भरायचं यंत्र बसवलं. यंत्राला एक गोल तबकडी. तबकडीवर पितळी पुंगळ्या उभ्या. दांडा एकदा खाली ओढला की तबकडी एक घर पुढे सरकते. एका घरात पुंगळीच्या बुडाला ठिणगी पाडणारी टोपी बसते, पुढच्या घरात आत दारू पडते, त्याच्या पुढच्या घरात तोंडावर गोळी दाबली जाते. हे काम करणारी माणसं त्या वेळात रेडिओ लावत नाहीत, बोलत नाहीत. आणि त्यांचा एक नियम असतो: मध्येच उठावं लागलं तर परत आल्यावर तबकडी पूर्ण रिकामी करायची आणि पहिल्यापासून सुरू करायचं. नेल्सने हा नियम आयुष्यभर पाळला होता. दुसऱ्यांना शिकवलाही होता.

त्या दुपारी तो दांडा ओढत असताना व्हर्नाची हाक आली. हाक कसली, नुसता आवाज, शब्द नसलेला. तो जुनी बंदूक उचलून धावला. व्हर्ना केबिनच्या दाराशी पाठ लावून उभी होती आणि धुरीघराकडे बोट दाखवत होती. पाण्याच्या कडेला काहीतरी मोठं, काळं, हळूहळू डोलत होतं.

तो भरतीबरोबर आलेला झाडाचा बुंधा होता. लाट आली की वर येई, गेली की खाली जाई.

व्हर्ना हसायला लागली आणि हसता हसता तिचा श्वास लागला. नेल्सने तिला आत बसवलं, चहा दिला, तिच्या खांद्यावर हात ठेवून बसून राहिला. हिवाळाभर भिंतीवर रोखलेले ते डोळे, तो न चुकणारा हात, आणि इथे एका ओंडक्याने तिची ही गत केली, हे त्याला बोचलं. ही भीती लवकर घालवली पाहिजे. उद्याच किनाऱ्यावर नेऊन खऱ्या गोळ्या झाडायला लावल्या पाहिजेत.

हाच विचार डोक्यात घेऊन तो खोपटात परतला. तबकडीवर पुंगळ्या उभ्या होत्या. दांडा अर्ध्यावर होता. आपण ओढत होतो की सोडत होतो? त्याला आठवलं, सोडत होतो. अगदी स्वच्छ आठवलं. त्याने अंगठ्याने तबकडी एक घर पुढे सरकवली आणि दांडा ओढला.

दुसऱ्या दिवशी ओहोटीला तिघं किनाऱ्यावर गेली. आपा लांब एका दगडावर बसले. नेल्सने कुजका ओंडका उभा केला, त्यावर कोळशाने फुली काढली. दोघांनी कानांवर जाड इअरमफ चढवले. वारा होता, लाटा दगडांवर आदळत होत्या. व्हर्नाने रायफल खांद्याला लावली. नेल्स तिच्या उजव्या बाजूला चार पावलं मागे, दुर्बीण ओंडक्यावर लावून.

पहिला बार पोटात जाणवला. ओंडक्याची ढलपी उडाली. दुसऱ्या बाराला फुलीच्या शेजारी भोक पडलं. नेल्स दुर्बिणीतून बघत हसला. तिसरा, चौथा. रायफल तिच्या खांद्यावर उसळत होती आणि परत जागेवर येत होती, जशी त्याने ती मनात पाहिली होती तशीच.

मग एक आवाज आला तो बाराचा नव्हता. बाटलीचं बूच निघावं तसा. फट.

ओंडक्यावर काही हललं नाही. नेल्स दुर्बिणीतून त्या फुलीकडेच बघत राहिला, आणि त्या आवाजाचा अर्थ त्याच्यापर्यंत यायला लागला. बूच. टोपी फुटली. दारू नव्हती. टोपीच्या जोराने गोळी नळीत शिरली आणि नळीतच राहिली. आता मागून दुसरी गोळी गेली तर तिला वाट नाही. नळी फुटणार, यंत्रणा फुटणार, आणि तिला गाल टेकवून उभी आहे व्हर्ना.

त्याने दुर्बीण टाकली. तिचा हात तोवर सुटला होता. थाप. तळवा मॅगझिनच्या बुडावर बसला. ओढ. रिकामी पुंगळी उन्हात चमकून दगडांवर पडली.

"थांब!" तो ओरडला. इअरमफ होते, वारा होता, लाटा होत्या. तिचे डोळे फुलीवर होते. हिवाळाभर त्यानेच ते तिथे रोवले होते.

झाड.

तिने चाप ओढला. नेल्सने तो ओढलेला पाहिला. तिचं बोट मागे गेलं, पुरतं मागे गेलं. बार झाला नाही.

त्या क्षणी का झाला नाही ते त्याला कळलं नाही आणि कळून घ्यायला वेळही नव्हता. अडकलेली गोळी नळीत फार पुढे गेली नव्हती. नव्या काडतुसाची गोळी तिला भिडली होती आणि काडतूस नखभर बाहेर राहिलं होतं. यंत्रणा मिटली नव्हती, आणि न मिटलेली यंत्रणा बार काढत नाही. पण यंत्रणा मिटली नाही तर काय करायचं, हेही त्याने तिला शिकवलं होतं. व्हर्नाचा तीन बोटांचा हात वर गेला. तळवा दट्ट्यावर मारण्यासाठी.

नेल्सने ते मनगट हवेत धरलं.

दोघंही तशीच उभी राहिली. तिने मान वळवली. तिच्या चेहऱ्यावर राग होता. नेम धरलेल्या माणसाला असं धरायचं नसतं, हाही त्याचाच नियम.

"हात सोड," ती म्हणाली. "दुखतोय."

त्याने सोडला नाही. दुसऱ्या हाताने तिचं बोट चापावरून काढलं, नळी वाळूकडे केली, मॅगझिन काढलं, काडतूस बाहेर ओढलं. मग त्याने तिचा हात सोडला आणि तो खाली बसला.

व्हर्नाने इअरमफ काढले. "काय झालं? हात चुकला का?"

"नाही. हात बरोबर होता."

"मग?"

त्याने रायफल उघडून नळी मागच्या बाजूने आभाळाकडे धरली आणि तिला बघायला लावलं. पलीकडचं आभाळ दिसायला हवं होतं. आत अंधार होता.

तिने बराच वेळ बघितलं. मग ती त्याच्या शेजारी दगडावर बसली.

"मी चाप ओढला होता," ती म्हणाली.

"हो."

"म्हणजे तुझा हात यायच्या आधीच मी..."

"हो."

आपा काठी टेकत आले. त्यांनी नळीतून एकदा बघितलं, रायफल हलकेच नेल्सच्या पायाशी ठेवली आणि व्हर्नाला म्हणाले, "चल पोरी, चहा कर. बसून राहिलीस तर पाय गारठतील."

केबिनमध्ये नेल्सने तिला तबकडीचं सांगितलं. बुंधा, हाक, अर्ध्यावरचा दांडा, अंगठा, आणि दारू न पडताच पुढे सरकलेली पुंगळी.

"मी हाक मारली म्हणून," व्हर्ना म्हणाली.

"हाक मारणं तुझं कामच आहे. तबकडी रिकामी करणं माझं होतं."

"मग का नाही केलीस?"

"मला आठवत होतं, म्हणून."

व्हर्नाने कप खाली ठेवला. "माझी आई म्हणायची, विसरलेला माणूस विचारून घेतो. आठवणारा बुडवतो." ती हे रागाने म्हणाली नाही. नेल्सला रागाचं चाललं असतं.

त्या आठवड्यात त्याने भरलेलं प्रत्येक काडतूस फोडलं. पोकळ डोक्याच्या हातोडीत काडतूस अडकवून ओंडक्यावर आपटलं की गोळी सुटते आणि दारू बाहेर येते. आपटताना प्रत्येक वेळी तो मनात म्हणे, हे रिकामं निघणार. सगळ्यांत दारू होती. रिकामं एकच होतं आणि तेच तिच्या हाती गेलं होतं. यावर समाधान मानावं की काय, ते त्याला समजेना. नळीत अडकलेली गोळी त्याने गज घालून ठोकून काढली. नळी तपासली, घासली, परत तपासली. तिला काही झालं नव्हतं.

नवी काडतुसं दोघांनी मिळून भरली. यंत्र नेल्सने भिंतीकडे तोंड करून ठेवून दिलं. एका लाकडी ठोकळ्यात पुंगळ्या उभ्या केल्या, त्याने एकेकीत दारू मोजून घातली, आणि व्हर्ना बॅटरी घेऊन प्रत्येक पुंगळीत वाकून बघे. "आहे," ती म्हणे. तिने आहे म्हटल्याशिवाय तो गोळी बसवत नसे.

पुन्हा ओहोटीला तिघं किनाऱ्यावर गेली. पहिली गोळी नेल्सने झाडली, कारण व्हर्नाने रायफल त्याच्या हातात दिली आणि बाजूला जाऊन उभी राहिली. मग तिने घेतली. बार झाला, फुलीवर लागला. नेल्स दुसऱ्या बाराची वाट बघत राहिला.

व्हर्ना थांबली होती. मान किंचित कलती, जशी माणसं शेजारच्या खोलीतला आवाज ऐकताना करतात. मग तिने दुसरी झाडली. पुन्हा थांबली. प्रत्येक बारानंतर ती थांबत होती.

आपांनी काठीने वाळूत एक रेघ ओढली. "काय ऐकते ती?"

"गोळी बाहेर गेली की नाही ते."

"आणि तोवर तो काय करेल? बसून घेईल?"

झाडोऱ्याच्या कडेपासून मासे चिरायच्या टेबलापर्यंतचं अंतर नेल्सला ठाऊक होतं, आणि ते कापायला अस्वलाला किती वेळ लागतो तेही. थांबू नकोस असं तिला सांगावं, तर एक दिवस पुन्हा तो बुचाचा आवाज येईल आणि हात पुढे जाईल. थांब म्हणावं, तर ज्यासाठी ही रायफल केली तेच राहिलं. दोन्हींतलं कुठलं सांगायचं ते त्याला कळेना, आणि सांगणारा तो एकटाच होता. त्याने वाळूतल्या पुंगळ्या वेचल्या आणि दोघं केबिनकडे परतली.

हंगाम उघडला. पहिले दिवस नेल्स जाळ्यावरून बिनतारी रेडिओवर सारखा हाक मारी. "आहेस ना?" "आहे." "काही दिसलं?" "तुझा डबा दिसला, इथेच विसरलास." तिचा आवाज ठीक वाटे. तो मासे काढी आणि पुन्हा रेडिओ उचली.

मग एका सकाळी धुकं उतरलं. किनारा दिसेनासा झाला. जाळ्याच्या खुणेची तरंगती बोयरी तेवढी होडीजवळ डोलत होती. नेल्स जाळ्यातून एक मोठा सॅमन सोडवत असताना धुक्यातून बार ऐकू आला. जड, पोटात बसणारा. पुरा बार. त्याच्या मनात पहिलं आलं ते हेच: पुरा होता.

मग काहीच नाही.

तो मासा हातात धरून उभा राहिला. आता दुसरा येईल. ती थांबतेय, ऐकतेय, आता येईल. लाट होडीवर आपटली. दुसरा आला नाही. एका गोळीत अस्वल पडत नाही, निदान मोठं पडत नाही. मग दुसरी का नाही? की दुसरी झाडली होती, आणि आवाज आला तो बुचाचा, जो इतक्या लांब ऐकू येणारच नाही?

"व्हर्ना." रेडिओवर खरखर. "व्हर्ना, बोल."

खरखर.

त्याने जाळं होडीपासून सोडवायला वेळ घालवला नाही, दोर कापला. इंजिन पूर्ण जोरात सोडलं. त्या खाडीत ओहोटीला खडक वर येतात आणि धुक्यात तिथे कोणी जोरात होडी हाकत नाही. तो हाकत होता. एकदा खालून खडक खरवडून गेला. त्याच्या डोळ्यांसमोर तिचा चेहरा येत होता, त्या दिवशी नेम धरलेला, गाल दस्त्याला टेकलेला, आणि त्या गालापाशी लोखंडाचे त्याने घासलेले, बसवलेले भाग. कुठला तुकडा कुठून उडेल हे त्याच्याइतकं कोणाला ठाऊक नव्हतं. तो विचार त्याला थांबवता येईना.

किनारा धुक्यातून एकदम समोर आला. होडी वाळूवर चढली. मासे चिरायचं टेबल उलटं पडलं होतं. मासे वाळूत.

व्हर्ना केबिनच्या पायरीपाशी उभी होती. रायफल खांद्याला, नळी झाडोऱ्याकडे. दोन्ही डोळे होते. दोन्ही हात होते. नेल्सने ते आधी मोजले, मग तिला हाक मारली.

"तिथेच थांब," ती न वळता म्हणाली. "अजून आत आहे की गेला, माहीत नाही."

तो थांबला. झाडोऱ्यात फांदी मोडल्याचा आवाज झाला, मग दुसरा, जास्त लांब. बऱ्याच वेळाने तिने नळी खाली केली.

टेबलापासून पायरीकडे वाळूत अस्वलाची पावलं आली होती. खोल, लांब उड्यांची. अर्ध्या वाटेवर वाळू उडून खड्डा पडला होता, गोळीचा. पावलं तिथपर्यंत येऊन थबकली होती आणि तिथून बाजूला वळली होती.

"एकच झाडलीस," नेल्स म्हणाला.

"हो."

"तो येत होता?"

"येत होता. गोळी त्याच्या पुढ्यात लागली आणि तो थांबला. मी पण थांबले."

"का?"

व्हर्नाने विचार केला. "ऐकत होते. पहिली नीट गेली का ते."

"तो तेव्हा पुढे आला असता तर?"

"तर दुसरी झाडली असती."

"वेळ मिळाला असता?"

"माहीत नाही, नेल्स." तिने रायफल पायरीवर टेकवली. तिने दोन्ही हात काखेत दाबून धरले. "मी थांबले म्हणून तो गेला की जाणारच होता, तेही माहीत नाही. रेडिओ टेबलावर होता, तो वाळूत कुठेतरी असेल. शोध जरा."

नेल्सने रेडिओ शोधला नाही. तो पायरीवर बसला.

"विकून टाकू ही जागा," तो म्हणाला.

व्हर्ना त्याच्याकडे बघत राहिली. मग तिने नाकातून हवा सोडली. हसू होतं की काय, सांगता आलं नसतं.

"मागच्या हंगामात मी हेच म्हटलं, तेव्हा तू रायफल बांधायला घेतलीस."

"तेव्हा मला माहीत नव्हतं."

"काय?"

तिथे, धुक्यात, हातात मासा घेऊन आणि मग दोर कापून येताना आपण काय काय पाहिलं, ते त्याला सांगता येईना. तो म्हणाला, "तू इथे असतेस आणि मी तिकडे असतो. ते."

"मला ते पहिल्यापासून माहीत होतं," व्हर्ना म्हणाली. "आपल्या दोघांना माहीत असलं की बरं." तिने वाकून एक मासा उचलला, त्यावरची वाळू झटकली. "जाळं सोडून आलास?"

"दोर कापला."

"म्हणजे वाहत चाललं असेल. सील खातील सगळं. जा."

"आत्ता?"

"मग कधी? टेबल मी उभं करते. आपांना हाक मारते, ते येऊन बसतील, दिवसभर मला रुसणाऱ्या बंदुकांच्या गोष्टी सांगतील. जा, नेल्स."

तो उठला. होडीपर्यंत गेला, परत आला, वाळूत पालथा पडलेला रेडिओ शोधून तिच्या हातात दिला. तिने तो कोटाच्या खिशात टाकला. मग तो गेला.

जाळं फार दूर गेलं नव्हतं. त्याने बोयरी पकडली, दोर बांधला आणि इंजिन बंद केलं. इंजिन चालू ठेवून मासे काढायची त्याची वर्षानुवर्षांची रीत होती, पण इंजिनच्या आवाजात बाकी काही ऐकू येत नाही. धुकं तसंच होतं. जाळ्यात मासे भरपूर होते. तो एक मासा सोडवी, हात थांबवून किनाऱ्याकडे मान कलती करी, आणि मग पुढच्याला हात घाली.